कोळंबीतून करंदी निवडताना

३ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. दादा गेल्यावर आठव्या दिवशी तुमच्या दारातून नको ते बोलून निघाले, त्याला अडीच वर्षं झाली. त्यानंतरचं हे पहिलं पत्र, आणि तेही कामापुरतं. उत्तर दिलं नाहीत तरी मी समजून घेईन.

काम असं आहे. बंदरावर माल तपासणाऱ्यांसाठी एक चित्रांचं पुस्तक निघतं आहे. त्यातली चाळीस चित्रं माझ्याकडे आहेत. अडतीस पसंत पडली. अडलंय ते कोळंबी आणि करंदीपाशी. मोठी ती कोळंबी, लहान ती करंदी, एवढंच मला ठाऊक, म्हणून मी एकच प्राणी दोन मापांत काढून दिला. संपादकांनी दोन्ही चित्रं परत पाठवली. कोपऱ्यात पेन्सिलीने शेरा होता: "ही आई आणि मुलगी झाली. आम्हाला दोन वेगळी घराणी हवी आहेत."

मी बाटल्यांतले नमुने आणवले. स्पिरिटात राहून ते खडूसारखे पांढरे झालेत. पुस्तकांतली वर्णनं वाचली, पण वाचलेलं हातात उतरत नाही. मग आठवलं की ज्या हातांखालून हे रोज टोपल्यांनी जातं, असे हात माझ्या नात्यात आहेत.

मार्चअखेर चित्रं द्यायची आहेत. नाही जमलं तर ती दुसऱ्या कुणाकडे जातील आणि पुढचं पुस्तकही त्याच्याचकडे जाईल. तब्येत बरी असेल अशी आशा करते.

तुमची नणंद

१४ फेब्रुवारी

वन्सं,

"तुम्ही" वाचलं आणि मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून! लग्न होऊन मी घरात आले तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. माझ्या वेणीला लोंबकळायचीस. आता मला अहोजाहो करणार असशील तर मीही तुला वन्संच म्हणणार. बघ, परवडतंय का.

रागावलीस ते रागावलीस. त्यावर मी काही लिहीत नाही. कामाचं विचारलंस, कामाचं सांगते.

मापाचं खूळ आधी डोक्यातून काढ. माल निवडायच्या माझ्या टेबलावर करंगळीएवढी कोळंबी येते आणि तळहाताएवढी करंदीही येते. बाजार माप बघतो, कारण बाजाराला घाई असते. खरा फरक अंगाच्या ठेवणीत आहे. एक उचल आणि कुशीवर धर. पाठीवर कवचाची कडी दिसतील. कोळंबीचं प्रत्येक कडं आपल्या मागच्या कड्यावर चढलेलं असतं, छपराच्या कौलांसारखं, डोक्याकडून थेट शेपटीपर्यंत. आता करंदीचं दुसरं कडं बघ. ते मागच्यावरही चढतं आणि पुढच्यावरही. घोड्यावर खोगीर टाकावं तसं. म्हणून करंदी तिथे एकदम कोपरासारखी वाकते. कोळंबीची पाठ त्या मानाने सरळ. पाय मोजायचे असतील तर कोळंबीच्या पुढच्या तीन जोड्यांना चिमटे असतात, करंदीच्या दोनच जोड्यांना.

पण टेबलावर पाय मोजत बसायला वेळ कुणाला? आम्ही अंगठा फिरवतो. दुसऱ्या कड्याची कड दोन्ही बाजूंनी अंगठ्याला लागली की करंदी, डाव्या टोपलीत. नवीन माणसाला मी हेच सांगते, डोळे मीट आणि अंगठा फिरव. कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला चार. ह्यांना पंधरा लागले.

आणि डोक्यावरच्या काट्याला जप. काम बर्फाच्या पाण्यातलं, त्यामुळे टोचतो तेव्हा कळत नाही. घरी जाऊन बोटाला मीठ लागलं की कळतं. जुन्या बायकांच्या बोटांची टोकं बघशील तर पांढरी पडलेली दिसतील, आणि अंगठ्यावर सुईने टोचल्यासारखे ठिपके.

एवढ्यावर जमलं तर बघ. नाही जमलं तर परत विचार. विचारायला पैसे पडत नाहीत.

तुझी वहिनी

२२ फेब्रुवारी

वहिनी,

तू. झालं समाधान?

बाटलीतला नमुना बशीत काढला, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. पहिल्यांदा काही कळलं नाही. सातव्या-आठव्या खेपेला ती कड लागली, पुढून आणि मागून. मी एकटीच खोलीत "लागली!" म्हणून ओरडले. मग दोन दिवस तेवढंच एक कडं काढत बसले. आता चित्रातल्या दोघी मायलेकी दिसत नाहीत.

संपादकांना करंदीची मादी अंड्यांसकट हवी आहे. ती कशी दिसते ते सांगशील?

आणि एक सहज विचारते. दादाला तू हे कशासाठी शिकवलंस? तो सुकाण्यावर उभा राहणारा माणूस. माल टोपल्यांत भरून धक्क्यावर उतरवला की त्याचं काम संपलं. निवडण्याशी त्याचा काय संबंध?

बारकी

६ मार्च

बारके,

उशीर झाला. माल फार आला होता, उभ्या उभ्या जेवतो आहोत.

अंड्यांचं सांगते. कोळंबी अंडी पाण्यात सोडून देते आणि आपल्या वाटेला लागते. पुढे ती अंडी जाणोत आणि समुद्र जाणो. करंदी मात्र अंडी पोटाखालच्या पायांत धरते आणि फुटेपर्यंत बरोबर घेऊन हिंडते. त्यामुळे अंडीवाली आली की ती करंदीच, अंगठासुद्धा फिरवावा लागत नाही. अंडी खसखशीपेक्षा थोडी मोठी, एकमेकांना चिकटलेली. आधी रंग गडद असतो. फुटायला आली की फिकी होतात आणि प्रत्येकीत दोन काळे ठिपके दिसतात. ते डोळे. हे ठिपके चित्रात घाल, तुझा संपादक खूश होईल.

आमच्या टेबलावर यावरून एकदा भांडण झालं होतं. आमच्यातली वयाने थोरली म्हणाली, "कोळंबीच शहाणी, मोकळी तरी झाली." तिच्या समोरची, जिची तिन्ही पोरं दूर गेलीत, ती म्हणाली, "तू एकदा मोकळी होऊन बघ, मग सांग."

ह्यांना शिकवण्याचं काय घेऊन बसलीस? घरी बसल्या बसल्या गंमत म्हणून शिकवलं. पुरुषांना आपल्या कामातलं काही येत नाही हे बघायला मजा वाटते.

तुझी वहिनी

१३ मार्च

वहिनी,

काळे ठिपके घातले. चित्रं आज पाठवून दिली.

तू मला उत्तर दिलंस, पण ते खरं नाही. दादा बोटीवरून आठवड्यात दीड दिवस घरी असायचा, त्यातला एक दिवस झोपायचा. घरी बसल्या बसल्या पंधरा दिवस शिकायला त्याला तीन-चार महिने लागले असते. गंमत एवढी लांबत नाही.

आणि तुझ्या पहिल्या पत्रातली एक ओळ मला झोपू देत नाही. दादा गेला त्या दिवशी मी येऊन पोचले आणि त्याचा हात हातात घेऊन बसले. चित्र काढणाऱ्याला एक वाईट खोड असते, रडतानाही बघणं थांबत नाही. त्याच्या बोटांची टोकं पांढरी होती. उजव्या अंगठ्यावर सुईने टोचल्यासारखे ठिपके होते. मला वाटलं, जाळ्यांनी झालं असेल. आता वाटतं, सुकाणू धरणाऱ्याच्या अंगठ्याला काय टोचणार?

वहिनी, दादा शेवटी कुठे कामाला होता?

बारकी

९ एप्रिल

बारके,

तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. मी शब्द दिला होता, तुला सांगणार नाही म्हणून. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडावा की नाही, हे कुणाला विचारावं कळेना. शेवटी टेबलावरच्या थोरलीला विचारलं. ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "त्याची लाज त्याच्याबरोबर गेली. उरलं ते तुझ्या डोक्यावरचं ओझं. उतरव की!"

तर ऐक. जायच्या आधीच्या वर्षी, जानेवारीत, ह्यांच्या कानातला तोल गेला. ऐकायला नीट यायचं, पण उभं राहिलं की जमीन फिरायची. जमीन फिरते तिथे बोटीवर काय होणार? एकदा सुकाण्यावरून पडले, कपाळाला खोक पडली. डॉक्टर म्हणाले, बसून करण्यासारखं काहीही करा, समुद्र विसरा. दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते. जेवायला हाक मारली तर येत, हाक मारली नाही तर येत नसत.

मार्चात माझ्या शेजारचं स्टूल रिकामं झालं. मी म्हटलं, "चला माझ्याबरोबर." म्हणाले, "बायकांच्या टेबलावर?" मी म्हटलं, "टेबल लोखंडाचं आहे, बायकांचं नाही." दुसऱ्या दिवशी माझ्या मागून चालत आले.

पहिले चार दिवस टेबलावर कुणी चकार शब्द काढला नाही. आम्ही बाराजणी, इतकी शांतता मी पंधरा वर्षांत पाहिली नव्हती. पाचव्या दिवशी ह्यांच्या हातून निवडलेल्या मालाची आख्खी टोपली बर्फात उलटली. तेवढ्यात थोरली म्हणाली, "काय कप्तान, बोट कुठं लागली?" हे म्हणाले, "बर्फात अडकलीय. दोरी टाका कुणीतरी." मग जे हसू फुटलं, मुकादम धावत बघायला आला. त्या दिवसापासून हे कप्तान झाले.

कामात सगळ्यांत मंद. पण एक गोष्ट ह्यांना येत होती, ती आम्हाला कुणालाच येत नव्हती. टोपली समोर आली की मूठभर माल हातात घेऊन सांगायचे, हा नदीच्या मुखापाशी मिळालाय, हा खडकांच्या बाजूचा, ह्याला काल वारा लागलाय. खरं की खोटं, देव जाणे! आम्ही इतकी वर्षं त्या मालात हात घालत होतो, पण तो येतो कुठून हे आम्हाला पहिल्यांदा ह्यांनी सांगितलं.

पुढच्या वर्षी ऑगस्टात गेले. सकाळी बूट घालताना छातीत कळ आली आणि तिथेच बसले. तू आलीस तेव्हा बोटीवरची माणसंही आली होती. त्यांना मीच गप्प राहायला सांगितलं होतं.

आता आठव्या दिवसाचं. रिकामं स्टूल मुकादम फार तर आठवडाभर ठेवतो. नवव्या दिवशी त्यावर नवी बाई बसायची होती आणि तिला शिकवायचं होतं मी. त्याआधी एक दिवस मला स्वतःला तिथे बसायचं होतं. बसले आणि दिवसभर काम केलं. संध्याकाळी घरी आले तर तू बॅग भरून दारात. "माझ्या भावाला जाऊन आठ दिवस नाही झाले आणि तुला काम सुचतं," म्हणालीस. सगळं तोंडाशी आलं होतं, ते गिळलं.

तुझी वहिनी

२० एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र दारातच उभ्याने वाचलं.

दादा गेला त्या दिवशी तुझ्या घरी बऱ्याच बायका आल्या होत्या. भिंतीला टेकून ओळीने बसल्या होत्या, आणि तुझ्यापेक्षा जास्त रडत होत्या. मला तेव्हा राग आला होता. माझ्या भावाला यांनी कधी पाहिलं तरी असेल का, असं वाटलं होतं. त्या तुझ्यासाठी आल्यात अशी मी समजूत करून घेतली. त्या कप्तानासाठी आल्या होत्या. आणि तू का रडत नाहीस, याचा हिशोब मांडत मी कोपऱ्यात बसले होते.

दादाची त्या काळातली उत्तरं काल काढली. "समुद्र शांत आहे. बोटीचं इंजिन बरं चाललंय. काळजी नसावी." दिवसभर तुझ्या शेजारी बर्फात हात घालून तो घरी यायचा आणि मला हे लिहायचा. प्रत्येक पत्रात वाऱ्याची दिशासुद्धा आहे.

माझ्यापासून का लपवलं त्याने? मी काय म्हणाले असते? मी त्याची धाकटी बहीण, कुणी परकी होते का?

माझी पत्रं त्याने ठेवली असतील तर शेवटच्या दोन वर्षांची पाठव. मी त्याला काय लिहीत होते ते मला वाचायचं आहे.

चित्रं पसंत पडली. हे आधी लिहायला हवं होतं.

बारकी

४ मे

बारके,

चित्रं पसंत पडली हे टेबलावर सांगितलं. थोरली म्हणते, पुस्तकात आमच्या अंगठ्याचं नाव टाका.

पत्रं पाठवते आहे. ह्यांच्या टिनाच्या डब्यात होती, तारीखवार लावलेली. वाच, पण एका बैठकीत नको. आणि त्यात कारण शोधत बसू नकोस. काही माणसांना आपलं खाली बसलेलं कुणाला दाखवायला आवडत नाही, हे त्यातले. एवढंच आहे ते.

तुझी वहिनी

१२ मे

वहिनी,

मी दादाला दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लिहायची, कधी चुकले नाही. पाकिटात तेवीस पत्रं आहेत. दादा टेबलावर आला त्या वर्षीचं मार्चातलं आहे, मेमधलं आहे. एप्रिलचं नाही. तारीखवार लावलेल्या पत्रांतून एकच हरवत नाही.

पत्र नसलं तरी त्यात काय होतं ते आता आठवलं. त्या सुमारास शेजारच्या शिंपिणीचा नवरा कारखान्यातून घरी बसला होता आणि तिच्याच दुकानात काजं-बटणं करायला लागला होता. मला तेव्हा ते फार गमतीचं वाटलं. मी दादाला लिहिलं होतं, "बायकोच्या हाताखाली मान खाली घालून बसलेला पुरुष बघवत नाही रे. तुला आठवून बरं वाटतं, तू आपला वाऱ्यावर ताठ उभा." असंच काहीतरी. शब्द थोडे इकडेतिकडे असतील. लिहिताना मी हसत होते, हेही आठवतं.

ते पत्र तू काढून ठेवलंस. मला वाचवायला. आणि ह्या सगळ्या वर्षांत मी दार लावून बसले होते ते तुझ्यावर.

त्या शिंपिणीचा नवरा अजून तिथेच बसतो. काल मी दुकानासमोरून गेले तर त्याने नेहमीसारखी मान हलवली. मला वर बघवलं नाही.

खरं सांग. पत्र आलं तेव्हा काय झालं?

बारकी

२१ मे

बारके,

हो, मीच काढलं ते. फाडलं नाही, माझ्या कपाटात आहे. आलीस की तुझ्या हातात देते. पुढे फाड नाही तर ठेव, तुझी मर्जी.

पत्र आलं तेव्हा ह्यांना टेबलावर येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. संध्याकाळची वेळ, मी भांडी घासत होते. ह्यांनी एकदा वाचलं, मग परत वाचलं. म्हणाले, "बारकीला लिहिता फार छान येतं." मग पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि बराच वेळ खिडकीत उभे राहिले, चौकट धरून. मला वाटलं, संपलं, उद्यापासून परत भिंतीकडे तोंड. सकाळी उठले तर हे माझ्याआधी तयार, बूट घालून दारात उभे. म्हणाले, "चल, उशीर होईल." मग रस्त्यात एवढंच म्हणाले, "तिला कळवायचं नाही."

तेव्हा तू नीट समजून घे. तुझ्या पत्राने ह्यांनी काम सोडलं नाही. तुला सांगणं सोडलं. वादळाला न भिणारा माणूस तुला भीत होता, कारण तू ह्यांना लहानपणापासून फार उंचावर बसवून ठेवलं होतंस. त्यात तुझं चुकलं, ह्यांचं चुकलं आणि माझंही चुकलं. मी ह्यांच्या पाठीमागे तुला चार ओळी लिहायला हव्या होत्या. तू ह्यांना हिणवणारी नव्हतीस, हे मला कळत होतं, तरी नाही लिहिल्या. ह्यांनी तुला माफ केलं असतं का, हे मनात येत असेल तर ते मी ह्यांच्या वतीने सांगू शकत नाही. माझं सांगू शकते. माझ्याकडे काही बाकी नाही.

आता एक गोष्ट लिहिते, जी थोरलीलाही सांगितलेली नाही. तू ते दिवस आठवून रडत असशील, माझा भाऊ कुठून कुठे आला म्हणून. अगं, वीस वर्षं माझा नवरा समुद्रावर होता. मी त्याची वाट पाहायची, तो यायचा, झोपायचा आणि जायचा. आम्ही दोघं कसे आहोत हे आम्हाला तरी कुठे माहीत होतं? मग दीड वर्ष तो माझ्या कोपराला कोपर लावून बसला. त्याला कुठली गोष्ट ऐकून हसू येतं, थकला की तो कुठला खांदा वर उचलतो, खोटं बोलताना कसं नाक खाजवतो, हे सगळं मला तेव्हा कळलं. चुकून माझ्या टोपलीत करंदी टाकायचा आणि पकडला गेला की म्हणायचा, "मुद्दाम टाकली, तू बघतेस का ते बघत होतो." माझ्या सगळ्या संसारात तेवढाच काळ असा आहे की तो परत दिला तर मी काही न बदलता घेईन.

म्हणून त्या काळाची कीव करू नकोस. निदान माझ्या समोर नको.

एक तारखेपासून पावसाळ्यातली मासेमारीबंदी लागते, बोटी बाहेर जात नाहीत, टेबल दोन महिने थंड. तेव्हा आता येऊ नकोस, भिंती बघत बसशील. काम सुरू झालं की ये, आणि चार दिवसांची रजा काढून ये. सकाळी साडेसहाला हजेरी असते. मुकादमाला मी विचारलंय, बघायला येणाऱ्या बाईला बसू देतो म्हणाला. मी त्याला सांगितलं, ती बघायला येत नाही, ह्यांची बहीण आहे, काम करायला येते आहे. जाड मोजे आण. खालची फरशी फार गार असते.

वाट बघते.

तुझी वहिनी